टीममधल्या तापदायक माणसाचा जाब टीम लीडला विचारायचा की नाही?

अक्षरजुळणी (धागालेखिका)

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत थोडंफार काम केलेल्या प्रत्येकाने हा माणूस पाहिलेला असतो. कामाला वाघ, कोड चोख, सणासुदीलाही बग सोडवून देणारा. पण बोलायला लागला की समोरच्याचा पाणउतारा केल्याशिवाय थांबत नाही. पॅचमधली (पाठवलेल्या कोड-दुरुस्तीतली) चूक दाखवता दाखवता पॅच पाठवणाऱ्याची अक्कल काढतो. अशा माणसांवर आजवर भरपूर बोलून झालंय. मला बोलायचंय ते त्याच्या टीम लीडबद्दल, जो हे सगळं वाचत असतो आणि गप्प राहतो.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, प्रकल्पात या प्रश्नावर एकदा सरळ कलम आलं होतं आणि पुढच्याच महिन्यात काढून टाकलं गेलं. १६ सप्टेंबर २०१८ ला कर्नलचा जनक लिनस टोरवाल्ड्सने ४.१९ या आवृत्तीच्या चौथ्या आरसीची (अंतिम होण्याआधीच्या चाचणी-प्रतीची) घोषणा करतानाच, इतकी वर्षं मेलवर लोकांशी जसं वागलो त्याबद्दल माफी मागितली आणि काही काळ बाजूला होतो असं कळवलं. ते प्रकाशन त्याचा सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमनने पूर्ण केलं. त्याच सुमारास २०१५ चा जुना 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' जाऊन त्या जागी 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट' या तयार नमुन्यावर आधारलेली आचारसंहिता आली. तिच्यात असं म्हटलं होतं की जो मेंटेनर (कोडचा एखादा भाग सांभाळणारा) ही संहिता प्रामाणिकपणे पाळणार नाही किंवा इतरांना पाळायला लावणार नाही, त्याच्यावर नेतृत्वातले बाकीचे लोक तात्पुरती किंवा कायमची कारवाई करू शकतात. ऑक्टोबरमध्ये हा परिच्छेद वगळला. यातून चुकीचा संदेश जातो, मेंटेनरांनी स्वतः नीट वागावं आणि वातावरण सुधारायला हातभार लावावा एवढीच अपेक्षा आहे, असं कारण दिलं गेलं.

मला ते वगळणं पटलेलं नाही. का, ते आमच्याकडच्या उदाहरणावरून सांगते. प्रकल्पाचं नाव घेत नाही.

मराठी अनुवादाच्या टीममध्ये कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने सेटिंग्जच्या पानाच्या सगळ्या ओळी अनुवाद करून पाठवल्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या. काही ओळींत व्हेरिएबल गळालं होतं, म्हणजे स्क्रीनवर फाइलचं नाव दिसायला हवं तिथे ते आलंच नसतं. या चुका दाखवायलाच हव्या होत्या. जुन्या रिव्ह्यूअरने सगळं एकगठ्ठा नाकारलं आणि खाली लिहिलं, "आधी मराठी शाळेत जाऊन या, मग अनुवादाचं बघू." कुठली ओळ चुकली, व्हेरिएबल कुठे गेलं, एक अक्षर नाही. मी लीडला कळवलं. उत्तर आलं, "तो तसाच आहे हो, मनाने वाईट नाही. आणि निम्मा अनुवाद त्याचाच आहे." त्या मुलीने नंतर काही पाठवलं नाही. तिच्या कॉलेजची आणखी मुलं येणार होती, तीही फिरकली नाहीत.

निम्मा अनुवाद त्याचाच आहे हे खरंच होतं. पण उरलेला निम्मा करायला माणसं का टिकत नाहीत, हे लीडने कधी तपासलं नाही.

सदस्याच्या तोंडाला लीड जबाबदार नाही, हे मला मान्य आहे. पण प्रकार डोळ्यांसमोर आल्यावर त्याने काय केलं, हे त्याला विचारता आलं पाहिजे. काहीच केलं नसेल तर का नाही, हेही. बदल मर्ज करायचा, म्हणजे प्रकल्पात सामावून घ्यायचा, हक्क त्याच्याकडे, रिव्ह्यूअर नेमायचा हक्क त्याच्याकडे. त्याचं मौन नवा माणूस संमती म्हणूनच वाचतो.

तुमच्या प्रकल्पांत हे कसं हाताळतात? जाब विचारायचा तर कोणी, आणि कशाच्या जोरावर?

कर्नलवाचक

असहमत. ते कलम काढलं हे बरं झालं.

स्वयंसेवी प्रकल्पात माणूस लीड होतो तो कोड येतो म्हणून. आधीचा लीड कंटाळून गेला, पॅच पडून राहिले, कोणीतरी ते बघायला लागलं आणि वर्षभराने त्याचं नाव मेंटेनर्स फाइलमध्ये चढलं. माणसं सांभाळण्याचं शिक्षण त्याला कोणी दिलेलं नाही, पगार नाही, हाताखाली कोणी नाही. नोकरी आणि घर सांभाळून तो रात्री मेल उघडतो. आता त्याला सांगायचं की तुझ्या विभागात कोणी उद्धटपणे बोलला आणि तू काही केलं नाहीस तर तुझ्यावर कारवाई होईल. अशी टांगती तलवार डोक्यावर घेऊन हे काम कोण पत्करेल?

डेबियन या स्वयंसेवी लिनक्स प्रकल्पाच्या घटनेत तर सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन या घटनेने कोणावरही येत नाही. सोपवलेलं काम करायचं नसेल तर करू नका. स्वयंसेवी कामाचा पायाच तो आहे. तो काढून घेतलात तर उरते ती बिनपगारी नोकरी.

अक्षरजुळणी

@कर्नलवाचक, त्याच कलमाचं पुढचं वाक्यही बघा. काम करायचं नसेल तर करू नका, मात्र हे नियम आणि त्यांनुसार रीतसर झालेले निर्णय यांच्या विरोधात सक्रिय काम करायचं नाही, असं तिथेच म्हटलंय. आणि डेबियनने २०१४ मध्ये मतदान घेऊन आचारसंहिता स्वीकारली आहे, म्हणजे तोही रीतसर निर्णयच.

लीडने लीडच राहिलं पाहिजे असं मी कुठे म्हणतेय? जमत नसेल तर "माझ्याकडून हा भाग होत नाही, दुसरं कोणीतरी बघा" एवढं सांगायची मुभा हवीच. खुर्ची आणि हक्क दोन्ही धरून ठेवायचे आणि त्या खुर्चीचं अवघड काम तेवढं सोडून द्यायचं, हे मला खटकतं.

वैनगंगा

मी त्या मुलीच्या जागी होते. प्रकल्प वेगळा, डॉक्युमेंटेशनचा. माझ्या पहिल्याच पुल रिक्वेस्टवर (माझा बदल घ्या अशा विनंतीवर) एका जुन्या सदस्याने जे लिहिलं ते इथे पुन्हा लिहायची इच्छा नाही.

मला त्याला काढून टाकायला नको होतं. त्याच धाग्यावर, सगळ्यांना दिसेल असं लीडने एक वाक्य लिहायला हवं होतं की अशा भाषेत रिव्ह्यू करायचा नाही. लीडने मला खाजगीत मेल केला, "काळजी करू नकोस, तुझं काम चांगलं आहे." मेल चांगल्या मनाने लिहिला होता हे कळत होतं. पण वर उघड्यावर जे लिहिलं होतं ते तसंच राहिलं. पुढे येणारा प्रत्येक जण तेच वाचणार होता.

चांदणीचौक

+१ वैनगंगा. अपमान चारचौघांत झाला तर समजही चारचौघांतच द्यायला हवी. खाजगी समजूत काढल्याने फक्त लीडला बरं वाटतं.

तिसरा_पहारा

मी सिक्युरिटीत काम करतो, म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. आपण याला सौजन्याचा प्रश्न समजतोय, पण हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवा.

एक्सझेड ही फाइली आकसवणारी साधी लायब्ररी, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. लासे कोलिन हा माणूस ती वर्षानुवर्षं एकट्याने सांभाळत होता. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला. पॅच का अडकलेत, तुम्हाला यात रस उरलेला दिसत नाही, दुसरा मेंटेनर नेमा, असा सूर. कोलिनने उत्तरात सांगितलं की बराच काळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे, आणि हे बिनमोबदल्याचं, हौसेचं काम आहे हेही ध्यानात घ्या. त्यावरही टोचणी थांबली नाही. त्याच काळात 'जिया तान' नावाने कोणीतरी मन लावून पॅच पाठवत होतं. पुढे तो सह-मेंटेनर झाला आणि त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (गुपचूप आत शिरायची सोय) बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाला एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, त्याने पाठपुरावा केला आणि २९ मार्च २०२४ ला प्रकार जगजाहीर केला. तोवर त्या आवृत्त्या काही लिनक्स वितरणांच्या (तयार संचांच्या) चाचणी शाखांपर्यंत पोचल्या होत्या.

ती टोचणारी नावं बनावट असावीत आणि ती एकाच कटाचा भाग असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण समजा ती खरी माणसं असती, तरी वागणं तेच राहिलं असतं आणि आपण त्याला 'नाराज वापरकर्ते' म्हणून सोडून दिलं असतं. त्या लिस्टवर अधिकाराने "पुरे, इथे असं बोलायचं नाही" म्हणणारं कोणी नव्हतं, कारण अधिकार असलेला माणूस तो एकटाच, आणि मार खाणाराही तोच.

म्हणून कर्नलवाचकांचा मुद्दा मला अर्धा पटतो. लीडवर जबाबदारी टाकायची असेल तर लीडच्या पाठीशीही कोणी उभं पाहिजे. अरेरावीसमोर एकटा पडलेला मेंटेनर हा त्या प्रकल्पातला सगळ्यात सोपा शिकार असतो.

कर्नलवाचक

@तिसरा_पहारा, एक्सझेडचा मुद्दा मान्य. विशेषतः लीडच्या पाठीशी कोणीतरी हवं हा.

पण दोन घटनांवर तुमचं सगळ्यांचं मत हवंय. पहिली, पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पातली. ऑगस्ट २०२४ मध्ये स्टीअरिंग कौन्सिलने टिम पीटर्सना कोअर डेव्हलपरपदावरून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. पायथनमधलं सॉर्टिंग ज्या टिमसॉर्टने होत आलं तो त्यांनीच लिहिलेला, पायथनच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी ते एक. निलंबनाची जी कारणं दिली ती वाचून अनेक जुनेजाणते लोक अस्वस्थ झाले, यातलं नेमकं गैर काय असं त्यांनी उघडपणे विचारलं. मला भीती याची वाटते. कारवाई केली नाही तर आपल्यालाच जाब द्यावा लागेल असं लीडला वाटलं, की तो सौम्य माणसावरही बडगा उगारेल.

दुसरी, कर्नलमधली. बीकॅशएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली साठवण्याची व्यवस्था) ६.७ मध्ये, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत आत आली. तिच्या मुख्य विकासकाने दुसऱ्या एकाला शिवराळ मेल लिहिला. प्रकरण आचारसंहिता समितीकडे गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरलं की ६.१३ च्या फेरीत त्याची एकही पुल रिक्वेस्ट घ्यायची नाही. त्यानंतरही लिनसशी खटके उडत राहिले आणि २०२५ मध्ये ती फाइलसिस्टिम ६.१८ मधून बाहेर काढली. ज्यांचा डेटा त्या फाइलसिस्टिमवर होता त्यांचं काय? कोड एकाच माणसाच्या डोक्यात असतो तेव्हा त्याला बाहेर काढण्याची किंमत तिसराच कोणीतरी मोजतो.

इसारकाठ

म्युनिकहून लिहितोय. कर्नलवाचक यांचा दुसरा मुद्दा मी उलटा वाचतो. कोड एकाच्याच डोक्यात राहिला, कारण त्याच्यासोबत काम करायला दुसरं कोणी टिकत नाही. हे बीकॅशएफएसपुरतं म्हणत नाही, तिथलं आतलं मला माहीत नाही. पण माझ्या कामात हे चित्र पुन्हापुन्हा दिसतं. 'त्याच्याशिवाय चालणार नाही' ही स्थिती लीडच्या गप्प बसण्यातूनच तयार झालेली असते, आणि मग तीच गप्प बसण्याचं कारण म्हणून पुढे केली जाते.

धाग्यातला "जाब कोणी विचारायचा" हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पाचा इतिहास बघावा. २२ नोव्हेंबर २०२१ ला रस्टच्या मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला. कोअर टीम स्वतःखेरीज कोणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळे आचारसंहिता तिच्यावर लागू करणं आम्हाला अशक्य झालंय, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे नियम होते, नियम राबवणारी टीम होती, सगळं होतं. पण ते वरच्या पायरीपर्यंत पोचत नव्हतं.

सावरायला दीड वर्षाहून जास्त गेलं. २०२३ च्या जूनमध्ये कोअर टीमच्या जागी लीडरशिप कौन्सिल आलं, ज्यात प्रत्येक मुख्य टीमचा एकेक प्रतिनिधी असतो. त्या नव्या रचनेत मॉडरेशन टीमच्या कामाचीही तपासणी करता येते आणि त्यासाठी त्या टीमबाहेरचे राखीव मॉडरेटर ठेवलेले आहेत. पायथनसारख्या प्रकरणात लोकांना जी भीती वाटली, तिच्यावर मला हा उपाय जास्त पटतो. निर्णय घेणाऱ्याचा निर्णय दुसऱ्या कोणाला तपासता येत असेल, तर बडगाही जपून उगारला जातो आणि प्रकरण दाबूनही टाकता येत नाही.

नोड.जेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात ऑगस्ट २०१७ ला असंच झालं होतं. तांत्रिक समितीतल्याच एका सदस्याविरुद्धच्या तक्रारींवर समितीने आपल्यातच मतदान घेतलं, त्याला काढायचं नाही असं ठरलं, काही जणांनी राजीनामे दिले आणि 'अयो' नावाचा फोर्क (त्याच कोडवर मांडलेली वेगळी चूल) निघाला. फोर्क फार टिकला नाही, पण सहकाऱ्यांनी सहकाऱ्याचा न्याय करायचा ही पद्धत किती तोकडी आहे ते दिसलं.

लाल_परी

मी प्रोग्रॅमर नाही, चाचणी करते आणि एका प्रकल्पात बगांची छाननी बघते. "स्वयंसेवक आहे, त्याला काय बोलणार" हे वाक्य आपण इतर कुठे चालवून घेतो का? गणेश मंडळातले सगळे स्वयंसेवकच असतात. मिरवणुकीत मंडळाचा एखादा कार्यकर्ता दर्शनाला आलेल्या बायांवर ओरडला, ढकलाढकली केली, तर लोक अध्यक्षालाच गाठतात. अध्यक्षही "तो फुकट राबतो हो" असं सांगून सुटत नाही.

आता माझ्या लीडने काय केलं ते सांगते, कारण अशी उदाहरणं फारशी ऐकू येत नाहीत. आमच्याकडचा एक जण नव्या लोकांच्या बगांवर "वाचता येत नाही का" असं लिहून इश्यू (नोंदवलेली तक्रार) बंद करायचा. लीडने आधी त्याला फोन केला, बराच वेळ बोलला. थोडे दिवस बरे गेले, परत तेच. मग लीडने त्याचा कोडचा हक्क तसाच ठेवला, पण इश्यू बंद करायचा हक्क काढला. "पहिल्यांदाच तक्रार नोंदवणाऱ्यांना उत्तर देण्याचं काम यापुढे इतर दोघे बघतील" असं टीमच्या पानावर जाहीर केलं. कोणावर चिखलफेक नाही, कारण मात्र स्पष्ट लिहिलं. आमचा प्रकल्प त्याने सोडला नाही. नुसता कोड लिहायला मिळतो म्हणून उलट खूश झाला असावा.

सांगायचं असं की लीडच्या हातात हकालपट्टीखेरीज पुष्कळ काही असतं. कोणाचा रिव्ह्यू कोणाकडे जाईल, कोण इश्यू बंद करू शकतो, धागा कधी कुलूपबंद करायचा.

अक्षरजुळणी

@लाल_परी, तुमच्या लीडला माझा नमस्कार कळवा. मनापासून.

कर्नलवाचकांच्या भीतीवर माझं उत्तरही यातूनच निघतं. कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंटच्या दुसऱ्या आवृत्तीत चार पायऱ्या दिल्यात. आधी चूक दाखवून देणं, मग ताकीद, मग तात्पुरती बंदी, आणि सगळ्यात शेवटी कायमची बंदी. बडगा उगारला जातो तो बहुतेकदा पहिल्या दोन पायऱ्या कोणी चढल्याच नाहीत म्हणून. वर्षानुवर्षं काही बोलायचं नाही आणि एक दिवस एकदम निलंबन, यात त्या माणसावरही अन्याय होतो. आमच्या त्या रिव्ह्यूअरला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही की त्याच्या त्या एका ओळीमुळे माणसं गेली. कदाचित त्याला ते ठाऊकही नसेल. त्याला ते कळण्याचा हक्क होता.

कर्नलवाचक

हा मुद्दा मला पटला. त्या माणसाच्या बाजूनेही विचार व्हायला हवा, तो मी केला नव्हता.

तरी 'कारवाई' या शब्दाला माझा विरोध कायम आहे. लीडला उत्तर द्यावं लागावं, इथपर्यंत मी येतो. शिक्षेपर्यंत नाही.

इसारकाठ

शिक्षेची गरजच पडू नये अशी एक जुनी सोय जेंटू या लिनक्स वितरणात आहे. २००५ च्या त्यांच्या नियमानुसार प्रकल्पाचा लीड प्रकल्पाचे सदस्यच निवडतात आणि ही निवड बारा महिन्यांतून एकदा तरी व्हावीच लागते. मधल्या काळातही कधीही घेता येते. डेबियनचा प्रकल्पप्रमुखही दरवर्षी मतदानाने ठरतो. लीडने तोंड उघडलं की नाही याचा हिशोब निवडीच्या वेळी आपोआप होतो. चारजणांच्या टीममध्ये याचा उपयोग कमी, हे खरं. तिथे निवडणूक म्हणजे एकमेकांकडे बघत बसणं.

वैनगंगा

शिवाय निघून गेलेल्यांना मत नसतं. जे टिकले तेच मत देणार, आणि टिकलेल्यांना त्या माणसाची सवय झालेली असते. म्हणून मला वाटतं की सोडून जाणाऱ्याला कोणीतरी विचारावं, का चाललात. मला कोणी विचारलं नाही.

अक्षरजुळणी

हे फार मोलाचं आहे, वैनगंगा. घेते.

आमच्या टीमला पुढच्या बैठकीत सुचवायला एक मजकूर लिहिलाय, बघा:

"रिव्ह्यूमध्ये कामावर बोलावं, करणाऱ्यावर नाही. नाकारताना निदान एक चूक ओळीसह दाखवावी. याविरुद्ध काही घडल्याचं लक्षात आल्यावर टीम लीडने आठवड्याच्या आत त्याच जागी उत्तर द्यावं, किंवा आपण ते का देत नाही हे तक्रार करणाऱ्याला कळवावं. लीडला हे काम नको असेल तर त्याने सह-लीड नेमावा, त्यात कमीपणा नाही. टीममध्ये येऊन महिनाभरात थांबलेल्या प्रत्येकाला लीडने एकदा विचारपूस करावी. वर्षातून एकदा लीडची निवड नव्याने व्हावी."

यात कारवाईचा शब्द नाही, कर्नलवाचक.

कर्नलवाचक

चांगलं आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. आठवडा कमी पडेल, परीक्षा आणि दिवाळी धरून दोन आठवडे ठेवा. आणि तक्रार लीडविरुद्धच असेल तर ती कुठे पाठवायची ते लिहा, नाहीतर रस्टमध्ये झालं तेच होईल.

अक्षरजुळणी

दुसरी दुरुस्ती लगेच घेते, मूळ प्रकल्पाच्या आचारसंहिता समितीचा ईमेल पत्ता त्यात टाकते. पहिलीवर मात्र अडून बसणार आहे. पूर्ण निर्णयाला दोन आठवडे घ्या, पण "पाहिलंय, बोलतोय" ही एक ओळ आठवड्याच्या आत त्या धाग्यावर हवी. नवा माणूस दोन आठवडे वाट बघत नाही.

कर्नलवाचक

ठीक. तशी विभागणी केलीत तर मान्य.